बिडाच्या जुन्या भांड्यांची डागडुजी आणि निगा
बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते वितळवून वाळूच्या साच्यात ओतून केलेले तवे, कढया, पॅन, जड झाकणाची पातेली ही सगळी बिडाची भांडी. बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, त्यामुळे ते शुद्ध लोखंडापेक्षा लवकर वितळतं आणि साच्यात छान भरतं, पण ठिसूळही होतं, म्हणून बिडाचं भांडं हातातून पडलं तर पोचा येत नाही, सरळ फुटतं. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०७ मध्ये वाळूच्या साच्यात अशी भांडी ओतायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पातळ, हलकी भांडी करणं सोपं झालं. अमेरिकेतल्या ग्रिसवोल्ड, वॅगनर अशा कंपन्यांच्या जुन्या पॅनना आजही मागणी आहे, कारण त्यांचा आतला भाग ओतल्यावर मशीनवर घासून गुळगुळीत करायचे, आताचे बरेच पॅन खरखरीतच येतात.

जुनं भांडं मिळालं की लोक गंज बघून घाबरतात, आणि अशी कितीतरी चांगली भांडी भंगारात जातात याचं खरंच वाईट वाटतं. गंज निघतो. तडा निघत नाही, त्यामुळे आधी तडा शोधायचा. भांडं हँडलला धरून लोंबतं ठेवा आणि लाकडी चमच्याने टिचकी मारा, धड असेल तर घंटेसारखा नाद येतो आणि थोडा वेळ घुमत राहतो, तडा असेल तर बद्द आवाज. मग सपाट ओट्यावर ठेवून डुगडुगतं का ते बघायचं. पूर्वी काही लोक अशा भांड्यात शिसं वितळवायचे, त्यामुळे भांड्याचा इतिहास माहीत नसेल तर शिशाची टेस्ट किट वापरून बघा, आणि शिसं सापडलं तर ते भांडं स्वयंपाकाला अजिबात नको. एनॅमल म्हणजे काचेसारखा थर चढवलेल्या भांड्यांना पुढची गंज काढायची आणि तेल पाजायची कृती लागू नाही.

वरवरचा गंज तारेच्या घासणीने जातो. जास्त असेल तर निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी करून त्यात बुडवायचं, पण दर पंधरा-वीस मिनिटांनी काढून घासून बघायचं, रात्रभर ठेवायचं नाही, कारण गंज संपला की अ‍ॅसिड लोखंडच खायला लागतं आणि खड्डे पडतात. वर्षानुवर्षांचं जळकट काळं कीट व्हिनेगरने निघत नाही, त्याला कॉस्टिक सोडा लागतो (हातमोजे, चष्मा हवेतच, सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही आणि अ‍ॅल्युमिनियमचं भांडं जवळपास आणायचं नाही). पण कॉस्टिकने गंज जात नाही, तो वेगळा काढावा लागतो. काहीजण भांडं सरळ जाळात टाकून कीट जाळतात, ते कृपया करू नका, तापमान अंदाजाबाहेर जातं, बूड वाकतं नाहीतर तडकतं, शिवाय जास्त भाजलेल्या बिडावर लालसर खवले येतात आणि त्यावर तेल नीट धरत नाही.

स्वच्छ झालेलं बीड करड्या रंगाचं दिसतं, आणि इथे घाई करावीच लागते. धुवून नुसतं ओट्यावर ठेवलं तर बघता बघता त्यावर नारिंगी छटा येते, पांढऱ्या फडक्याने पुसलं की फडक्यावर तांबूस डाग उठतो. म्हणून लगेच पुसून मंद आचेवर पूर्ण कोरडं करायचं आणि गरम असतानाच तेल लावायचं.

हे तेल पाजणं म्हणजेच सीझनिंग. तेलाचा पातळ थर तापला की त्याचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनमुळे एकमेकांत गुंफले जातात आणि लोखंडाला चिकटून एक कडक काळी फिल्म तयार होते, ते मग तेल राहतच नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते ती म्हणजे जास्त तेल. तेल सगळीकडे चोळा, आत, बाहेर, हँडललासुद्धा, आणि मग चुकून लागलंय असं समजून सगळं पुसून काढा, भांडं जवळपास कोरडं दिसलं पाहिजे. ओव्हनमध्ये पालथं ठेवून २३० ते २५० अंश सेल्सिअसला तासभर, मग आतच गार होऊ द्यायचं, असे तीन-चार हात द्यायचे. चिकट डाग राहिले तर समजायचं की तेल जास्त झालं. तेल कुठलंही साधं खायचं चालतं, जवसाचा थर दिसायला फार सुंदर येतो पण पुढे टवके उडतात, त्यामुळे माझं मत त्याच्या विरुद्धच आहे.

रोजच्या वापरात साबण चालतो. जुन्या साबणात कॉस्टिक उरलेलं असायचं, ते थर खायचं, आताच्या भांड्यांच्या लिक्विडमध्ये ते नसतं. नको ते भिजत ठेवणं आणि डिशवॉशर. बीड अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने उष्णता हळू पसरवतं, त्यामुळे मोठ्या आचेवर मध्येच तापतं आणि कडा गारच राहतात, आधी पाच-सात मिनिटं मंद आचेवर तापवायचं. तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतायचं नाही, तडा जाऊ शकतो. टोमॅटो, लिंबू असं आंबट नव्या थरावर फार वेळ शिजवलं तर थर उतरतो आणि जेवणाला लोखंडाची चव येते, थर मुरला की थोडा वेळ चालतं. धुतल्यावर आचेवर कोरडं करून तेलाचा पुसट हात फिरवायचा, आणि झाकणाचं भांडं असेल तर ठेवताना मध्ये कागदाची घडी घालून झाकण जरा उघडं ठेवायचं, नाहीतर आत दमट राहून बुडाशी परत गंज धरतो.