दुचाकीचा नो क्लेम बोनस चारचाकीला लावता येतो का?

चवथीला नवी गाडी दारात उभी राहावी म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बुकिंग करणाऱ्यांपैकी बरेच जण दुचाकीचा विमा वर्षानुवर्षे आमच्याकडेच करतात. एकदाही क्लेम नाही, त्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, चढत चढत ५० टक्क्यांवर पोहोचलेली असते. मग शोरूममध्ये चारचाकीच्या विम्याचा आकडा दिसला की ते हमखास विचारतात, "माझे पन्नास टक्के इकडे लावता येणार नाहीत का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो: भारतात ते लावता येत नाहीत. दुचाकीचा बोनस दुचाकीलाच लागतो आणि चारचाकीचा चारचाकीलाच. पण दुचाकीवर कमावलेला बोनस त्यामुळे वाया जात नाही. तो कसा राखायचा आणि चारचाकीवर नवा बोनस कसा उभा करायचा, यासाठी हे पत्रक काढले आहे.

गोंधळ का होतो, तेही समजण्यासारखे आहे. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, असे आम्ही सगळेच एजंट सांगतो आणि ते खरे आहे. जुनी बाइक विकलीत तर बोनस तुमच्याकडे राहतो, घेणाऱ्याला जात नाही. मग माणूस तोच असताना गाडी बदलली म्हणून काय बिघडले? २००२च्या मोटार टॅरिफमधल्या (वाहन विम्याचे दर आणि नियम सांगणारी पुस्तिका) २७व्या सर्वसाधारण नियमात याचे उत्तर आहे. एका गाडीचा बोनस दुसरीला द्यायचा तर दोन्ही गाड्या एकाच वर्गातल्या हव्यात. खासगी कार हा एक वर्ग, दुचाकी हा दुसरा आणि टॅक्सीसारखी व्यावसायिक वाहने हा तिसरा. २००७ पासून ओन डॅमेजचे, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, पण बोनसच्या बाबतीत वर्गाची ही अट सगळीकडे पाळली जाते.

आम्हाला हा नियम अन्यायाचा वाटत नाही. बोनस लागतो तो फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर. थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास लागणाऱ्या विम्याचा दर सरकार ठरवते, त्यात बोनसला जागाच नाही. धरा, तुमच्या स्कूटरचा ओन डॅमेज हप्ता १,२०० रुपये आहे. ५० टक्के बोनस म्हणजे वर्षाला ६०० रुपयांची सूट. तेच ५० टक्के १४,००० रुपयांच्या हप्त्यावर लावले तर सूट ७,००० होते. शिवाय स्कूटर जपून चालवणारा माणूस पहिल्याच वर्षी कार तितक्याच सफाईने फोंडा बाजारातून बाहेर काढेल, याची हमी कोण देणार?

काही ग्राहक सांगतात, "स्विंडनला माझा भाऊ आहे, त्याच्या मोटारसायकलची वर्षे कारच्या विम्यात धरली." तसे होऊ शकते. ब्रिटनमध्ये अशी सूट किती द्यायची आणि कुठली वर्षे मोजायची, हे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते. काही कंपन्या मोटारसायकलची वर्षे विचारात घेतात, अनेक घेत नाहीत. इथे मात्र ती सोय नाही.

परदेशातून परत येणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. आखातात किंवा इंग्लंडमध्ये तुमच्या नावावर कार होती, क्लेम नव्हता, तर तिथल्या विमा कंपनीचे तसे पत्र घेऊन या. तिथली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे कारचा विमा घेतलात, तर इथल्या नियमांनुसार तुम्हाला बोनस मिळू शकतो. सामान बांधण्याच्या घाईत हे पत्र मागायचे राहून जाते आणि इथे आल्यावर ते मिळवणे किचकट होते. घरचे कोणी परत येणार असेल तर त्यांना आजच कळवा.

आता दुचाकीच्या बोनसचे काय करायचे ते पाहू. दुचाकी ठेवणार असाल तर काहीच करायला नको, फक्त नूतनीकरण वेळेवर करा. मुदत संपून ९० दिवस उलटले की साठवलेला सगळा बोनस जातो. घरात कार आली की स्कूटर मागच्या पडवीत जाते, तिचा विमा कोणाच्या लक्षात राहत नाही आणि पाच वर्षांची कमाई अशी संपते. आम्हाला याचे फार वाईट वाटते, म्हणून मुदतीआधी आम्ही फोन करतो. तो फोन कृपा करून उचला.

दुचाकी विकणार असाल तर विक्रीची कागदपत्रे घेऊन आमच्याकडे या. विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र मिळते. तीन वर्षांच्या आत स्वतःच्या नावावर दुसरी दुचाकी घेतली की ते वापरता येते. मुलीला कॉलेजसाठी स्कूटर घेऊन द्यायची आहे? आरसी आणि पॉलिसी तुमच्या नावावर असेल तर बोनस लागेल, तिच्या नावावर असेल तर नाही. नवरा-बायकोलाही हेच लागू. गोव्यात पती-पत्नीचा मालमत्तेत निम्मा-निम्मा वाटा असतो, म्हणून बोनसही सामाईक असेल असे अनेकांना वाटते. पण विमा कंपनी फक्त पॉलिसीवरचे नाव बघते. घरच्यांसाठी अपवाद एकच. विमाधारकाचे निधन झाले आणि गाडी जोडीदाराकडे, मुलांकडे किंवा आई-वडिलांकडे वापरात राहिली, तर त्या गाडीचा बोनस त्यांना मिळतो.

पायलट (मोटारसायकल टॅक्सी) व्यवसायातल्या आणि भाड्याने गाड्या देणाऱ्या बांधवांनी वर्गाची अट विशेष लक्षात ठेवावी. भाड्याने चालणारी मोटारसायकल आणि घरची मोटारसायकल दिसायला सारखी असली तरी विम्यात त्यांचे वर्ग वेगळे. खासगी कारचा बोनस टॅक्सीलाही लागत नाही.

सगळ्यात काळजीची गोष्ट आता सांगतो. विमा स्वस्त दिसावा म्हणून काही ठिकाणी पहिल्याच कारच्या अर्जात बोनसच्या रकान्यात २० किंवा ५० टक्के लिहून टाकतात. ग्राहकाला वाटते, सूट मिळाली. पण त्या अर्जाखाली सही तुमची असते. बोनसची माहिती खोटी निघाल्यास ओन डॅमेज विभागाचे सगळे लाभ रद्द होतील, हे त्या सहीने तुम्ही मान्य केलेले असते. नवी कंपनी आधीच्या कंपनीकडे चौकशी करते. कधी ती लगेच होते, कधी क्लेम आल्यावर. पुलावर गाडी ठोकल्यावर, दुरुस्तीचे दोन लाखांचे बिल हातात असताना हे कळणे किती महाग पडते, ते आम्ही ग्राहकांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. विमा कोणाकडूनही घ्या, पण सही करण्यापूर्वी तो एक रकाना वाचा. पहिल्या कारच्या पहिल्या वर्षी तिथे शून्यच हवे.

पहिले वर्ष क्लेमशिवाय गेले की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. एक क्लेम केला की पुन्हा शून्य. म्हणून लहान नुकसानीचा क्लेम करण्याआधी हिशेब करा. आपल्याकडे नेहमी घडणारे उदाहरण घेऊ. गाडी माडाखाली लावली, नारळ पडला, बॉनेटला खड्डा आला. गॅरेजवाला ६,००० रुपये सांगतो. १५०० सीसीपर्यंतच्या कारला त्यातले १,००० सक्तीने तुमचे, म्हणजे कंपनी फार तर ५,००० देणार. तुमचा बोनस सध्या २५ टक्के आहे आणि पुढच्या नूतनीकरणाला तो ३५ होणार होता. ओन डॅमेज हप्ता १२,००० असेल तर ४,२०० रुपयांची सूट गेली. त्याच्या पुढच्या वर्षी ४५ऐवजी २० टक्के मिळतील. ११,००० च्या हप्त्यावर ते आणखी २,७५० झाले. पाच हजारांसाठी जवळपास सात हजार घालवले. इथे खिशातून खर्च करणे परवडते. पण जूनच्या वाऱ्यात अख्खा माडच छपरावर आडवा झाला तर बोनसचा विचारही करू नका, गाडी न हलवता फोटो काढा आणि लगेच आम्हाला कळवा. विमा त्यासाठीच असतो. क्लेम केला तरी बोनस राखणारे ॲड-ऑनही (जादा पैसे भरून घ्यायचे संरक्षण) मिळते. त्याची किंमत आणि अटी कंपनीगणिक बदलतात. बोनस ३५ टक्क्यांवर गेल्यावर ते घ्यावे, असे आमचे मत.

सेकंड-हॅण्ड कार घेणाऱ्यांनी एवढे बघावे: मालकाने "विमा चालू आहे, पन्नास टक्के बोनस आहे" म्हटले तरी तो बोनस त्याचा. पॉलिसी तुमच्या नावावर करताना उरलेल्या काळापुरता बोनसचा फरक तुम्हाला भरावा लागतो. सौद्यात तो धरून बोला. नावबदलाचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्या.

दुचाकीवरून चारचाकीकडे येऊ शकते अशी एक गोष्ट मात्र आहे. मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण बंधनकारक आहे, पण ते गाडीगणिक पुन्हा विकत घ्यावे लागत नाही. तुम्ही ते स्वतंत्र पॉलिसी म्हणून घेतले असेल, किंवा तेवढ्या रकमेची दुसरी वैयक्तिक अपघात पॉलिसी असेल, तर कारच्या अर्जात तसे लिहून द्या. तेवढे पैसे वाचतील. ते दुचाकीच्या पॉलिसीतच जोडलेले असेल तर पॉलिसी दाखवा, शब्दरचना वाचून सांगतो.

गाडीचे बुकिंग झाले की शोरूमच्या विम्यावर सही करण्याआधी त्यांचे कोटेशन, दुचाकीची चालू पॉलिसी आणि आधी कधी कार असेल तर तिची शेवटची पॉलिसी घेऊन या. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. आमच्याकडून घेतला नाहीत तरी कोटेशन विनामूल्य वाचून देऊ.