डोळे येणं वेगळं, खुपऱ्या वेगळ्या

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, लाल वाळूच्या प्रदेशात सँडी ब्लाइट जंक्शन रोड नावाचा एक कच्चा रस्ता आहे. तो आखणाऱ्या लेन बीडेल यांना १९६० साली तिथे डोळ्यांचा त्रास झाला, म्हणून हे नाव. सँडी ब्लाइट म्हणजे डोळ्यात वाळू गेल्यासारखा खुपणारा आजार. गंमत अशी, की तिकडचे लोक या एकाच नावाखाली दोन आजार ढकलत: साधे डोळे येणं आणि ट्रॅकोमा. आपल्याकडे निदान शब्द तरी दोन आहेत. ट्रॅकोमाला आपण खुपऱ्या म्हणतो.

दोन्हींत डोळे लाल होतात, चिपडं येतात, आणि दोन्ही एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात. पण डोळे आले की ते लपत नाहीत. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत साथ आली, तेव्हा कुणाला शोधत फिरावं लागलं नाही. लोक स्वतःच दवाखान्यात आले. विषाणूमुळे आलेले डोळे बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. (प्रत्येक वेळी मात्र हे इतकं सोपं नसतं. १९९७ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियात गोनोकॉकस जंतूमुळे डोळे येण्याची साथ आली होती. त्यात पू भराभर वाढतो आणि उपचाराला उशीर झाला तर बुबुळाला भोक पडू शकतं.)

खुपऱ्यांचं तसं नाही. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा जंतू वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला ठाण मांडतो आणि पुष्कळदा मुलाला काहीच जाणवत नाही. ते खेळतं, शाळेत जातं. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या दुर्गम गावांमध्ये, आरोग्य पथकच शाळेत जातं आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांची वरची पापणी उलटून पाहतं. अर्ध्या मिलिमीटरचे किंवा त्याहून मोठे पाच दाणे दिसले, की त्या मुलाची नोंद होते. चेहरा स्वच्छ आहे का, नाकाडोळ्यांतून वाहतंय का, हेही लिहून घेतात. असे दाणे इतर कारणांनीही येऊ शकतात, त्यामुळे एका मुलापेक्षा सगळ्या वस्तीचं प्रमाण महत्त्वाचं. ते पाच टक्क्यांच्या खाली आणून टिकवायचं, हे उद्दिष्ट.

उपचारही निराळा. डोळे आले तर थेंब ज्याचे त्याला. खुपऱ्यांवर अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा वजनानुसार एकच डोस, पण तो घरातल्या सगळ्यांना, आणि प्रमाण जास्त असेल तर अख्ख्या वस्तीला. एकट्या पोराला औषध दिलं तर भावंडाकडून जंतू परत येतो. माझ्या मते मात्र औषधापेक्षा अवघड काम नळाचं आहे. घरात माणसं दाटीने राहतात, न्हाणीघर बंद पडलेलं असतं, मग तोंड धुवायचं कुठे? शाळेत 'मिल्पा' नावाची घोरपड मुलांना 'स्वच्छ चेहरा, मजबूत डोळे' शिकवते, ते ठीकच. पण घोरपड प्लंबिंग करत नाही.

एकदा झालेल्या खुपऱ्यांनी आंधळेपण येत नाही. वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा झाल्या तर पापणीच्या आत व्रण धरतात, पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासू लागतात. काहीजण चिमट्याने केस उपटून वेळ मारून नेतात, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काही कळत नाही. इथे शस्त्रक्रियाच लागते. डोळे येण्याला असा उत्तरार्ध सहसा नसतो.

१९७६ ते १९७८ या काळात ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज यांच्या पथकाने वस्तीवस्तीत फिरून एक लाखाहून अधिक लोकांचे डोळे तपासले. तेव्हा पाच-सहा वर्षांची असलेली मुलं आज पन्नाशीच्या पुढे आहेत. शाळेतल्या मुलांचे दाणे कमी झाले, तरी चाळिशीपुढच्या माणसांच्या पापण्यांचे केस दरवर्षीच्या आरोग्य तपासणीत वेगळे बघावे लागतात.