अर्भकविकास

जन्मापासून साधारणपणे दोन वर्षांपर्यंत मुलाची शरीरवाढ, हालचालींवरील ताबा आणि भोवतालाचे आकलन यांत क्रमाने होत जाणारे बदल. बालरोगशास्त्रात अर्भकावस्था पहिल्या वर्षाअखेर संपली असे धरतात व त्यातील पहिल्या २८ दिवसांना नवजात काल म्हणतात. मानसशास्त्रात ही मर्यादा सहसा दुसऱ्या वर्षापर्यंत नेली जाते व येथेही तीच स्वीकारली आहे.

जन्मानंतर लगेच थोडे घटलेले वजन बहुधा दोन आठवड्यांत भरून निघते. पाचव्या महिन्याच्या सुमारास ते जन्मवजनाच्या दुप्पट, तर वर्षाच्या सुमारास तिप्पट होते. सुमारे ५० सेंमी. असलेली लांबी वर्षात ७५ सेंमी. पर्यंत जाते. मागची टाळू पहिल्या दोनेक महिन्यांत, तर पुढची बहुधा दीड वर्षापर्यंत भरते. वाढ तपासण्यासाठी पूर्वी वापरात असलेले १९७७ चे अमेरिकन तक्ते मुख्यत्वे वरच्या दुधावर वाढलेल्या मुलांवर आधारलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये काढलेले तक्ते पलोटस (ब्राझील), आक्रा, नवी दिल्ली, ऑस्लो, मस्कत व डेव्हिस (अमेरिका) येथील, अनुकूल परिस्थितीत अंगावर पाजलेल्या मुलांवर बेतले आहेत. मुले कशी वाढतात यापेक्षा ती कशी वाढावीत हे ते सांगतात. पुण्याजवळच्या खेड्यांतील पाहणीत चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांना नवजात मुलांचे सरासरी वजन सुमारे २.७ किग्रॅ. आढळले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ते ३.५ किग्रॅ. होते. पुण्याची बालके सर्वच मापांत लहान असली, तरी त्यांच्या त्वचेखालील चरबीत त्या मानाने फारशी घट नव्हती. केवळ वजनावरून शरीराची घडण कळत नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

मान धरणे, उपडे होणे, बसणे, रांगणे, धरून उभे राहणे व चालणे हा क्रम सर्वपरिचित आहे. वयात मात्र मोठी तफावत असते. वरील संघटनेच्या पाहणीत आधाराशिवाय बसण्याचा पल्ला ३.८ ते ९.२ महिने, तर स्वतंत्र चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने निघाला. सुमारे ४ टक्के मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. रांगणे हा चालण्याचा अटळ पूर्वटप्पा मानता येत नाही, तो यामुळे.

हा क्रम कशामुळे ठरतो याविषयी विसाव्या शतकात बराच वाद झाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्नल्ड गेझेल यांच्या मते चेतासंस्थेचे परिपक्वन हे मुख्य कारण, सराव गौण. वेन व मार्सेना डेनिस यांनी १९४० मध्ये अमेरिकेतील होपी या आदिवासी जमातीची पाळणाफळीला बांधून वाढवलेली व न बांधलेली मुले ताडून पाहिली. दोन्ही गटांतील मुले सरासरी पंधराव्या महिन्यात चालू लागली होती. हा परिपक्वनवादाला मोठा आधार वाटला. परंतु १९६० मध्ये वेन डेनिस यांनीच तेहरानच्या अनाथालयांची पाहणी प्रसिद्ध केली. एका संस्थेत तीन वर्षांची बहुतेक मुलेही चालत नव्हती. फळीला बांधलेले मूल दिवसातून काही वेळ मोकळे असे व माणसांत असे. अनाथालयातील मुलाला तेही मिळत नव्हते. केन्यातील किप्सिगी मुले बसण्यात व चालण्यात पुढे असली, तरी रांगण्यात पुढे नव्हती, असे चार्ल्स सुपर यांनी १९७६ मध्ये दाखवले. तेथे बसण्याचे व चालण्याचे शिक्षण मुद्दाम दिले जाते, रांगण्याचे नाही.

नवजात मुलाला काखेत धरून पाय जमिनीला टेकवले तर ते पावले टाकल्यासारखे करते. दोनेक महिन्यांत ही क्रिया दिसेनाशी होते. मेंदूचे बाह्यक परिपक्व झाल्याने ती दडपली जाते, हे जुने स्पष्टीकरण. फिलिप झेलाझो यांनी १९७२ मध्ये रोजच्या सरावाने ती टिकते व मूल लवकर चालते असे मांडले. त्यांच्या प्रयोगातील मुले मोजकीच होती. एस्थर थेलेन व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हीच क्रिया करणाऱ्या बाळांच्या पायांना लहान वजने बांधली, तेव्हा पावले कमी झाली; पाय पाण्यात बुडवले तेव्हा वाढली. याचा अर्थ, पहिल्या महिन्यांत पायांवर चरबी भराभर चढते, त्या मानाने स्नायूंचे बळ वाढत नाही आणि पाय उचलेनासे होतात. हे स्पष्टीकरण आता अधिक ग्राह्य वाटते.

भारतीय वैद्यकात या विषयाचा ठळक उल्लेख काश्यपसंहिता या बालरोगांवरील आयुर्वेदीय ग्रंथात आहे. वर्षाचे होऊनही जे मूल पायांनी चालत नाही ते ‘फक्क’, अशी तेथे व्याख्या असून क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन प्रकार सांगितले आहेत. काही आधुनिक लेखक फक्करोग म्हणजे मुडदूस मानतात. व्याख्या मुडदुसाच्या लक्षणांवर नसून न चालण्यावर आहे आणि कारणांत दूषित दूध, आईची पुढची गर्भधारणा व आजार हे तिन्ही येतात. तेव्हा कुपोषणजन्य विलंबाचा व्यापक गट त्यात अभिप्रेत असावा. उपचारांत सुताराकडून करवून घेतलेला तीन चाकांचा ‘फक्करथ’ येतो. आपल्याकडच्या पांगुळगाड्याशी त्याचे साम्य उघड आहे, पण दोहोंत अखंड परंपरा होती असे त्यावरून ठरत नाही. ग्रंथाच्या काळाविषयी एकमत नाही. नेपाळात मिळालेल्या खंडित हस्तलिखितावरून तो १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तावनाकार हेमराज शर्मा त्याला बरेच प्राचीन मानतात. तथापि उपलब्ध पाठ वात्स्याने केलेल्या प्रतिसंस्करणानंतरचा (सुधारून केलेल्या पुनर्रचनेनंतरचा) असल्याने तो इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकातील मानणे अधिक सुरक्षित. मूल ज्यात बसते तो आजचा वॉकर पांगुळगाड्याहून वेगळा होय. त्याने चालणे लवकर येते असे दिसत नाही, आणि अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदी घातली.

बोधात्मक विकासाची, म्हणजे आकलनाच्या वाढीची, आधुनिक मांडणी स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांच्यापासून सुरू होते. आपल्या तीन मुलांच्या निरीक्षणांवरून त्यांनी १९३०–४० च्या दशकात पहिल्या दोन वर्षांचा संवेदन-कारक (इंद्रिये व हालचाली यांतून जग जाणण्याचा) टप्पा व त्याचे सहा उपटप्पे सांगितले. दृष्टीआड गेलेली वस्तू अस्तित्वात असते, ही जाण त्यांच्या मते आठव्या महिन्याच्या सुमारास उगवते व दीड-दोन वर्षांत पुरी होते. त्यापूर्वी खुळखुळ्यावर रुमाल टाकला की मूल तो शोधत नाही.

मात्र न शोधणे म्हणजे न जाणणे का? रेने बायार्जाँ, एलिझाबेथ स्पेल्की व स्टॅन्ली वॉसरमन यांनी १९८५ मध्ये हातांऐवजी नजर मोजली. झाकलेल्या ठोकळ्यातून आरपार गेल्यासारखा दिसणारा पडदा पाच महिन्यांची मुले जास्त वेळ पाहत राहिली. यावरून ही जाण फार लवकर असते असा निष्कर्ष निघाला. मुले केवळ नवेपणामुळे किंवा जास्त हालचालीमुळे पाहत राहतात, अशी टीका २००० च्या सुमारास झाली व ती पूर्णपणे खोडली गेलेली नाही. अ‍ॅडेल डायमंड यांच्या मते जाण असूनही ती कृतीत आणण्यासाठी लागणारे मेंदूचे अग्रखंड उशिरा परिपक्व होतात. दोन्ही बाजूंचा मेळ घालणारे म्हणून हे मत सोयीचे आहे.

वाढ म्हणजे सदैव भर, असेही नाही. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये हिंदीतील दंत्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ इंग्रजीभाषक घरांतील बाळांना ऐकवले. सहा ते आठ महिन्यांची बहुतेक मुले भेद ओळखत. वर्षाच्या सुमारास जवळजवळ कोणीच ओळखेना.

अर्भकांचा विकास मोजणाऱ्या बेली चाचण्यांचे भारतीय मुलांसाठी प्रमाणीकरण बडोदे येथे प्रमिला फाटक यांनी केले. त्यातून पुढे आलेल्या मापनश्रेणीत ६७ कारक (हालचालींचे) व १६३ मानसिक घटक आहेत. त्यांतील १७ निवडून केरळमध्ये त्रिवेंद्रम तक्ता तयार झाला. तक्त्यात प्रत्येक घटकाचा वयाचा पल्ला पट्टीने दाखवलेला असतो; मुलाच्या वयावर उभी रेघ धरायची आणि रेघेच्या डावीकडे संपलेल्या पट्ट्यांतले जे येत नसेल ते नोंदवायचे, अशी त्याची रीत आहे. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे वय अशा तपासणीत अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजतात.