चौथा सर्व्हो जोडल्यावर बोर्ड रीसेट का होतो?

आर्डुइनो ऊनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डच्या ५ व्होल्टच्या पिनवर एक छोटा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी मोटर) बिनतक्रार चालतो. त्याच पिनवर चार सर्व्होंचा रोबो-हात जोडला की हात थरथरतो, बोर्ड मध्येच रीसेट होतो आणि सगळे कोड तपासत बसतात. कोड बहुतेक वेळा निर्दोष असतो.

दोष मोटरच्या स्वभावात आहे. ९ ग्रॅमच्या एसजी९० सर्व्होच्या पोटात डीसी मोटर असते. फिरताना ही मोटर जनित्रासारखीही वागते आणि पुरवठ्याच्या विरुद्ध व्होल्टेज तयार करते, म्हणून करंट आटोक्यात राहतो. मोटर थांबलेली असेल तर हा विरोध शून्य. करंट अडवायला उरतो फक्त वेटोळ्याचा काही ओहमचा रोध. म्हणजे मोटर सर्वात जास्त करंट ओढते ती सुरू होण्याच्या क्षणी, किंवा हात कुठे अडकला तर. विहिरीवरचा पंप सुरू होताना घरातले दिवे क्षणभर मंदावतात, तसंच काहीसं. अडकलेला एसजी९० साधारण ६५० मिलिअँपिअर घेतो. चार मिळून झाले २.६ अँपिअर. ऊनोच्या यूएसबी वाटेवरचा फ्यूज मात्र ५०० मिलिअँपिअरचा. व्होल्टेज घसरतं, आणि ते २.७ व्होल्टच्या आसपास आलं की बोर्डचा मेंदू असलेला मायक्रोकंट्रोलर स्वतःला रीसेट करतो.

यावर चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावणं हा सर्वात लोकप्रिय आणि सर्वात निरुपयोगी उपाय. तिचा अंतर्गत रोधच जास्त असतो, त्यामुळे ती एवढा करंट देऊ शकत नाही. शिवाय व्होल्टेज ५ वर आणणारा बोर्डवरचा रेग्युलेटर वरचे ४ व्होल्ट उष्णतेत घालवतो: अर्ध्या अँपिअरला २ वॅट.

सर्व्होंना वेगळा पुरवठा द्यावा. ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अॅडॅप्टर चालतो. हात कुठेही उचलून नेता यायला हवा असेल तर चार्ज होणारे चार एए सेल, म्हणजे ४.८ व्होल्ट. दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड (शून्य व्होल्टच्या तारा) मात्र जोडलेच पाहिजेत. सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी १ ते २ मिलिसेकंदांचा सिग्नलचा स्पंद मिळतो, तो ग्राउंडच्या तुलनेतच ओळखला जातो. सर्व्होंजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) लावला तर सुरुवातीचा झटका सौम्य होतो. ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता जोडणी करायच्या फळीच्या) बारीक पट्ट्यांतून मोटरचा करंट नेऊ नये.

पीसीए९६८५ हा १६ सर्व्होंचा ड्रायव्हर लावला की वीज आपोआप मिळेल, असं अनेकांना वाटतं. तो फक्त स्पंद पाठवतो. अँपिअर बाहेरूनच द्यावे लागतात.

आणि आता कोड उघडायला हरकत नाही: चारही सर्व्हो एकदम हलवण्याऐवजी एकामागून एक हलवा आणि दोघांत २०० मिलिसेकंदांचं अंतर ठेवा.