मजुरी कमी ठेवली की गल्ला भरतो?

शहापूर असो की उद्यमबाग, बेळगावातल्या मोटार वाइंडिंगच्या (जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायच्या) दुकानांत एक समजूत जुनी आहे: गिऱ्हाइकाकडून घ्यायची मजुरी कमी ठेवा, गिऱ्हाईक वाढेल, नफा आपोआप येईल. कागदावर मांडून बघा.

समजा मिक्सरच्या वाइंडिंगचे 600 घेता. तार, वार्निश, कामाच्या पोराचा रोज मिळून 400 जातात, उरतात 200. "स्वल्प कम्मी माडरी" (थोडं कमी करा) म्हणत गिऱ्हाइकानं 120 सोडवून घेतले. दरात फक्त 20 टक्के सूट, पण हातात राहिले 80! आधी चार कामांत मिळणारे 800 आता दहा कामांत मिळणार. किराणावाला दोन पोती जास्त विकेल, आपले हात मात्र दोनच. दुकानभाडं अजून यातूनच द्यायचंय.

सुट्या भागांतही टक्के असेच फसवतात. हजाराचा पार्ट 1300 ला विकला म्हणजे विक्रीवर 30 नव्हे, 23 टक्केच नफा.

दर काढायचा तो तासावरून. भाडं, वीज आणि स्वतःचा पगार (हा बहुतेक जण विसरतात) मिळून महिन्याला 36,000 धरा. दुकान 208 तास उघडं असतं, पण प्रत्यक्ष हत्यार हातात असतं ते 120 तासच म्हणा. म्हणजे तासाला 300, नफा धरण्याआधीच.

आणि गिऱ्हाईक पळेल ही भीती? भर उन्हाळ्यात निपाणी-चिकोडीकडच्या ऊसवाल्याची मोटार जळते, तेव्हा तो आधी विचारतो, "आज मिळेल काय?"