शेळी गाभडते, माणूस तापतो: क्यू तापाची पार्श्वभूमी

कोकणात पावसाळी ताप म्हटला की आधी मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) बघतात. दोडामार्गकडे २०१६ पासून कोरड्या दिवसांत माकडतापाचंही नाव निघतं. शेळ्या-मेंढ्यांकडून माणसाला होणाऱ्या क्यू तापाचं नाव मात्र क्वचितच कोणी काढतं.

हा ताप पहिल्यांदा नोंदला गेला ऑस्ट्रेलियात. १९३५ मध्ये ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातले कामगार एकामागून एक तापाने पडू लागले. तपास करणाऱ्या एडवर्ड डेरिक यांना कारण सापडेना, म्हणून १९३७ मध्ये त्यांनी त्याला ‘क्वेरी’ (म्हणजे प्रश्न) ताप म्हटलं, त्यातलाच हा ‘क्यू’. त्याच सुमारास अमेरिकेत मोंटानामध्ये गोचिडांवर काम करणाऱ्यांच्या हाती हाच जंतू लागला. पुढे हेरल्ड कॉक्स आणि मॅकफर्लेन बर्नेट यांच्या नावांवरून तो कॉक्सिएला बर्नेटी झाला. भारतात कालरा आणि तनेजा या संशोधकांची रक्तपाहणी १९५४ सालची, म्हणजे आपल्याकडेही हा काही कालपरवाचा नाही.

मग प्रमाण किती? इथेच घोळ होतो. रक्तात प्रतिपिंडं सापडली तर जंतूशी कधीतरी गाठ पडली, एवढंच कळतं. खाटीक, गुराखी, गाभडलेल्या (गर्भपात झालेल्या) शेळ्या निवडून तपासल्या तर टक्का चढतो, सरसकट गाव तपासलं तर उतरतो. त्यातून निम्म्याहून अधिक लागण झालेल्यांना काही जाणवतही नाही. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात शेळ्यांच्या गोठ्यांमधून साथ पसरली, तेव्हा नोंदलेले रुग्ण चार हजारांवर होते. लागणीचा नंतरचा अंदाज चाळीस हजारांपुढे गेला. पन्नास हजारांहून अधिक शेळ्या माराव्या लागल्या.

जंतूचा मोठा साठा असतो तो वारेत, म्हणजे विताना बाहेर पडणाऱ्या नाळेच्या भागात. लागण झालेल्या शेळीच्या एका ग्रॅम वारेत अब्जावर जंतू असू शकतात, आणि श्वासातून मोजके आत गेले तरी पुरतात. आपल्याकडे वार उकिरड्यावर पडते, कुत्री ओढतात, खत शेतात नाहीतर कलमांच्या आळ्यात जातं. सुकल्यावरही जंतू महिनोन्‌महिने तग धरतो आणि धुळीबरोबर उडतो. दिवाळीनंतर घाट उतरून आलेले धनगर भात कापलेल्या शेतात मेंढ्या बसवतात, तेव्हा कोकण कोरडं असतं. आपलं लक्ष पावसातल्या तापावर. माझ्या मते हा शोधायचा तर जानेवारी-फेब्रुवारीतला न्यूमोनिया आणि कावीळ नसतानाही बिघडलेलं यकृत बघायला हवं.

आणखी एक गंमत. लेप्टोवर दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविक गोळी यावरही चालते. त्यामुळे काही रुग्ण निदानाशिवायच बरे होऊन घरी जात असणार, नोंद कुठेच नाही. मात्र हृदयाची झडप आधीच खराब असलेल्यांत हा आजार महिन्यांनी, कधी वर्षांनी झडपेवरच उमटतो, गर्भवतींनाही धोका. तेव्हा तापाच्या रुग्णाला ‘घरात शेळी व्याली का, गाभडली का?’ एवढं विचारायला डॉक्टरांना अर्धा मिनिटही लागत नाही.