बॅरलभर तेलाची वीज चार डॉलरला

एसी घ्यायला निघालेलं नाशिकचं गिऱ्हाईक तीन स्टार आणि पाच स्टारच्या स्टिकरांपुढे उभं राहून मनात हिशेब करतं. दीड टनाच्या पाच स्टारला सहा-सात हजार जास्त. वर्षाला अडीचशे युनिट वाचली आणि वरच्या स्लॅबचा दर दहा रुपये धरला, तर तीन उन्हाळ्यांत वसूल. हाच हिशेब कुवेतमध्ये मांडून बघा.

तिथे नागरिकांच्या स्वतःच्या घरांना 1966 पासून वीज मिळते युनिटला 2 फिल्सने. हजार फिल्सचा एक दिनार; 2 फिल्स म्हणजे आपले पन्नास-साठ पैसे. एसी वर्षातले सात-आठ महिने चालतो, म्हणून चांगल्या यंत्राने अडीचशे नाही, हजार युनिट वाचतील असं धरू. बचत किती? 2 दिनार. यंत्र 20 दिनारांनी महाग असेल तर वसुलीला दहा वर्षं, आणि खाऱ्या, धुळीच्या हवेत आऊटडोअरची कॉइल तेवढी टिकली तर टिकली.

आखातात वीज इतकी लागते ती उन्हामुळे, हे कारण खोटं नाही. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो, आणि त्यासाठी कंडेन्सर, म्हणजे आऊटडोअरची कॉइल, बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम असावा लागतो. आपल्याकडे यंत्राची क्षमता बाहेर 35 अंश धरून मोजतात, आखातासाठी 46 धरून. बाहेर 46 असताना कंडेन्सर साठीला टेकतो, गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो आणि गारवा मात्र कमी देतो. नाशिकमध्ये काचा लावलेल्या बाल्कनीत आऊटडोअर कोंडणारे हेच वाळवंट घरी तयार करतात: फेकलेली गरम हवा फिरून पुन्हा कॉइलवर येते, आणि गावात 38 असताना यंत्रापुढे 46 असतात.

पण ऊन फक्त गरज ठरवतं. ती किती विजेत भागवायची, हे दर ठरवतो. एका बॅरलमध्ये 159 लिटर तेल. ते जाळलं की साधारण 1700 युनिटांइतकी उष्णता मिळते. वीज केंद्राची कार्यक्षमता 35 टक्के धरली तर हाती 600 युनिट, आणि चिमणीतून सुमारे 430 किलो कार्बन डायऑक्साइड. ही 600 युनिट 2 फिल्सने विकली की 1.2 दिनार मिळाले, म्हणजे जेमतेम चार डॉलर. तेच बॅरल जहाजावर चढवलं असतं तर साठ-सत्तर डॉलर आले असते. म्हणून हजार युनिट वाचवणाऱ्या घराला 2 दिनार सुटतात आणि सरकारची दीडहून जास्त बॅरल वाचतात, शंभर डॉलरची. एसीच्या किमतीतला फरक सरकारने स्वतःच भरला तरी वर्षभरात पैसे परत. वाचवायचं एकाने, फायदा दुसऱ्याला. गाठ इथे आहे.

मग दर वाढवा, म्हणणं सोपं. इराणने डिसेंबर 2010 मध्ये इंधन आणि विजेचे दर एकदम चढवले आणि बदल्यात माणशी दरमहा 4,55,000 रियाल खात्यात टाकायला सुरुवात केली. कल्पना चांगली होती. पण रक्कम आणि दर दोन्ही रियालमध्ये गोठलेले, आणि महागाई धावत सुटली; काही वर्षांत दोन्ही निरर्थक झाले. सौदी अरेबियाने जानेवारी 2018 मध्ये घरगुती विजेचा सर्वांत खालचा दर 5 हलालांवरून (शंभर हलालांचा एक रियाल) 18 वर नेला आणि कमी व मध्यम उत्पन्नाच्या घरांना थेट रोख मदत दिली. वर्षानुवर्षं वाढत आलेला घरगुती वापर त्या वर्षी घसरला.

आता एक नावडता मुद्दा. माणशी कार्बन डायऑक्साइड कतारमध्ये वर्षाला 35 टनांच्या वर, भारतात 2 टनांच्या आसपास. या हिशेबात निर्यात केलेल्या तेलाचा धूर नसतो. तो जाळणाऱ्याच्या खात्यावर पडतो. त्यामुळे कुवेतमध्ये वाचलेलं बॅरल विकलं गेलं, मुंबईत त्याचं डिझेल झालं, पाइपलाइनने मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोत आलं आणि कांद्याच्या ट्रकमध्ये जळलं, तर कुवेतचा आकडा सुधारतो, हवेचा तेवढा सुधारत नाही. त्या ट्रकला ते तेल नाहीतर दुसरीकडचं मिळालंच असतं का, यावर बरंच अवलंबून.

तेलविहिरीच्या तोंडाशी जाळल्या जाणाऱ्या वायूचं तसं नाही, कारण तो कुणाच्याच कामी येत नाही. तेलाबरोबर वर येणारा हा वायू कमी दाबाचा, ओला, बरेचदा गंधकयुक्त असतो. तो सुकवायचा, शुद्ध करायचा, कॉम्प्रेसरने दाब वाढवून पाइपलाइनमध्ये सोडायचा. हे सगळं उभारण्यापेक्षा काडी लावणं स्वस्त पडतं. 2023 मध्ये जगभर असा सुमारे 148 अब्ज घनमीटर वायू जळाला. चांगल्या केंद्रात घनमीटरमागे 4 युनिट निघतात, म्हणजे भारताच्या वर्षभराच्या विजेचा जवळपास तिसरा हिस्सा. शिवाय जोराच्या वाऱ्यात ज्योत नीट जळत नाही आणि काही मिथेन तसाच निसटतो. वीस वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. सौदीने या वायूसाठी 1970 च्या दशकातच देशभर जाळं टाकायला घेतलं; इराकमध्ये बसऱ्याच्या आसपास रात्रीचं आकाश आजही तांबडं दिसतं.